इथे भाषण मना आहे

शंकर नगर, रायपूर
१४ जुलै २०२५

वनमालाताई,

जय भीम. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे कानातलं यंत्र तू डब्यात ठेवणार आणि मी इकडे घसा फोडणार. काल शेजारचे मिश्राजी विचारायला आले, घरात कुणी गेलं का म्हणून. तेव्हा पत्रच बरं.

तुझी मैत्रीण सरला भिलाईहून आपल्या मुलाला, यशदीपला घेऊन आमच्या साक्षीला ‘बघायला’ येऊ म्हणते, असा निरोप तू धाडलास. मुलगा प्लांटमध्ये इंजिनीअर आहे, शिकलेला आहे, माझी ना नाही. माझी ना त्या ‘बघायला’ या शब्दाला आहे! ताई, काय बघायचं असतं गं? सोफ्यावर पाच माणसं बसणार, पडद्यामागून मुलगी पोह्यांची ताटली घेऊन येणार, मान खाली. मग कुणी तरी तिला चालायला लावणार. बाजारात म्हशीचे दात बघतात आणि इथे मुलीचं शिक्षण विचारतात, एवढाच फरक. चाळीस वर्षं मी प्रत्येक व्यासपीठावरून या प्रकारावर आसूड ओढले. आता माझ्याच घरात ताटली फिरवू?

म्हणून मी ठरवलं आहे. दोन्ही घरांनी सिरपूरला भेटायचं. तेराशे वर्षांहून जुना विहार, दगडी खांब, भिक्खूंच्या खोल्या आणि भूमीला हात लावून बसलेले तथागत. तिथे कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. दोन माणसं बरोबरीने चालतील आणि बोलतील. यापेक्षा चांगली जागा सांग. रविवार, ३ ऑगस्ट. मी गाडी ठरवतो आहे. सरलाला कळव.

देवीदास

—

नागपूर
२२ जुलै २०२५

देवीदास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं जाहीर सभेचं आमंत्रण आहे, कुठे मुलीचं नावच सापडेना.

सरलाला कळवलं. ती हो म्हणाली. तिला तुझी कल्पना आवडलीसुद्धा. आम्ही दवाखान्यात एका वॉर्डात नर्स होतो तेव्हापासून तिला ओळखते. सरळ बाई आहे, मनात एक आणि ओठात एक असं तिचं नाही. नवरा गेल्यावर पोट्ट्याला एकटीने वाढवलं. तिला शिकवायला जाऊ नको.

आता माझं ऐक. मी मोठी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तिथे भाषण करायचं नाही. विहाराचा इतिहास नाही, ह्युएन त्संग नाही, पवारणा नाही, काही नाही. माझ्या लग्नात तू ‘दोन शब्द’ बोलायला उभा राहिलास आणि पंगतीतला भात थंड होऊन दगड झाला. आमच्या घरचे अजून त्याला देवीदासचा भात म्हणतात. तू फक्त रस्ता दाखव, डबे उघड आणि बाजूला हो.

आणि एक गोष्ट तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात मला दिसली नाही. साक्षीला विचारलंस का?

वनमाला

—

शंकर नगर, रायपूर
४ ऑगस्ट २०२५

ताई,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. साक्षीला काय विचारायचं? तिच्याच हक्कासाठी तर हा सगळा खटाटोप!

आता ऐक. हे स्थळ संपलं. तू वाईट वाटून घेऊ नको, पण तुझी सरळ बाई सरळ निघाली नाही.

काल सकाळी वाटेत आरंगला सगळे भेटलो आणि सिरपूर गाठलं. आम्ही तिघं, मी, तुझी भावजय कांता आणि साक्षी. ते दोघं. पाऊस नुकताच उघडला होता, विहाराच्या दगडांवर शेवाळ. मी आधीच सगळ्यांना बजावलं होतं, जपून चाला. तरी साक्षीचा पाय एका पायरीवरून थोडा घसरला. सरलाबाईंनी लगेच, “लागलं का गं?” मी म्हटलं, “काही लागलं नाही, आमच्या मुली काचेच्या नाहीत.” त्यांना तो विनोद कळला नसावा.

नंतर त्या साक्षीला काही काही विचारू लागल्या. मी तिला अवघडू दिलं नाही. फिजिओथेरपी केली, समता कॉलनीतल्या क्लिनिकमध्ये तीन वर्षं काम, स्वयंपाकापेक्षा वाचनाची आवड, लग्नानंतरही नोकरी करणार, हे सगळं मीच नीट, मुद्देसूद सांगून टाकलं. मुलीला एका शब्दाची तोशीस पडली नाही. ताटली घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलींची आठवण येऊन मला भरून आलं.

मग मी सभामंडपात उभा राहिलो. ताई, तू नको म्हणाली होतीस हे मला ठाऊक आहे. पण तू तिथे नव्हतीस. त्या जागेवर उभं राहून गप्प बसणं हा त्या जागेचा अपमान आहे! मी पवारणेवर बोलत होतो. पावसाळ्यातला वर्षावास संपला की सगळे भिक्खू याच फरशीवर एकत्र येत, आणि सगळ्यांत ज्येष्ठ भिक्खू आधी उकिडवा बसून, हात जोडून बाकीच्यांना म्हणे, माझा जो दोष तुम्ही पाहिला, ऐकला, ज्याची शंका आली, तो दयेने मला सांगा. ज्येष्ठ आधी! धाकट्यांसमोर! जगाच्या पाठीवर अशी लोकशाही दाखवा, असं मी म्हणत होतो आणि नेमक्या तिथे सरलाबाई उठल्या आणि गाडीकडे चालू लागल्या. मागे न बघता. मुलगाही दिसेनासा झाला. उरली कांता, आणि चौकीदार. तो शिटी वाजवत आला, “बबा, इहां भासन मना हे.” मी त्याला विचारलं, बुद्धाच्या घरात बोलायला बंदी कुणी केली? तो म्हणाला, “साहब मन कहे हें.” म्हणजे साहेबांनी. अर्धा तास त्याच्याशी वाद घालावा लागला.

परतताना आरंगला चहासुद्धा न घेता ती मायलेकं भिलाईच्या रस्त्याला लागली. ज्या बाईला धम्मावरचे चार शब्द सोसवत नाहीत, तिच्या घरात मी माझी मुलगी देणार नाही. विषय संपला.

देवीदास

—

नागपूर
१३ ऑगस्ट २०२५

देवीदास,

विषय तू संपवला म्हणून संपत नाही. तुझं पत्र वाचून डोकं भणभणलं. गोळी घेतली, मग लिहायला बसले.

सरलाचा फोन माझ्या नातीमार्फत झाला. तिने तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही, हे आधी नीट वाच. तिने होही म्हटलं नाही आणि नाहीही. ती म्हणाली, “वनमालाताई, वडिलांची मतं मले कळली, चांगली आहेत. पण मुलीचा आवाजच ऐकला नाही. जिचा आवाज ऐकला नाही तिले घरात कशी आणू? उद्या ती दुःखी राहिली तर मले कळनार कसं?”

गाडीकडे काहून गेली म्हणून विचारलं, तर म्हणते ते मुलीला विचारा. म्हणून साक्षीला वेगळं पत्र टाकलं आहे. पाकिटावर तिचं नाव आहे. ते फोडून, वाचून, त्यावर बोलू नको.

वनमाला

—

रायपूर
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

तुमचं पत्र आलं. बाबांनी फोडलं नाही, पण दोन वेळा चहा द्यायला आले. मराठी लिहायला मला वेळ लागतो, गलती हो तो समझ लेना.

पाय मुरगळला होता. चांगलाच. मी स्वतः रोज लोकांचे पाय बघते, मला लगेच समजलं. बाबा म्हणाले लागलं नाही, तर मी पण म्हटलं नाही लागलं. त्यांचं भाषण सुरू झालं आणि मी मागे एका खोलीत जाऊन बसले. सरलामावशींनी माझा चेहरा बघितला होता. त्या गाडीकडे गेल्या त्या पट्टी आणायला. त्यांच्या पर्समध्ये अजून नर्सचं सगळं सामान असतं. त्या पट्टी बांधत होत्या आणि यशदीप बाटलीतलं थंड पाणी पायावर टाकत होता. बाबांना वाटलं ते रुसून गेले. मी मावशींना सांगितलं, प्लीज बाबांना सांगू नका, नाहीतर पायावर पण भाषण होईल.

मग मावशींनी विचारलं, “बेटा, अब तू बोल. तुले काय पाहिजे?” खरं सांगते आत्या, मला कोणी असं विचारलंच नव्हतं. मी तोंड उघडलं आणि बाहेरून बाबांचा आवाज, “साक्षी! इकडे ये, हा मुद्दा खास तुझ्यासाठी आहे!” दगडी भिंती आहेत, आवाज चारी बाजूने येतो. आम्ही तिघे हसलो. पण मग मी काही बोलू शकले नाही. त्यांना वाटलं असेल मुलगी गूंगी आहे.

मला राग ह्याचा येतो की बाबा गलत बोलत नाहीत. गलत बोलले असते तर भांडले असते. सब सही बोलते हैं. शाळेत माझ्या वतीने बोलले, कॉलेजात बोलले, क्लिनिकमध्ये पगाराचं पण तेच बोलून आले. लोकांना वाटतं किती नशीबवान पोरगी. बाबांनी मला पोह्यांची ताटली धरायला लावली नाही, हे खरं आहे. त्यांनी मलाच ताटलीत ठेवलं आणि वरून भाषण भुरभुरवलं.

यशदीप चांगला आहे. जास्त बोलत नाही, पाणी मात्र नीट टाकतो. मला त्याच्याशी बोलायचं आहे. आणखी एक गोष्ट आहे ती मी समोरच सांगेन, पत्रात नाही.

बाबा दरवर्षी पवारणा सांगतात ना, मोठा भिक्खू आधी विचारतो ते. मला पूर्ण पाठ आहे. त्यांना म्हणा, एकदा सांगण्याऐवजी विचारा.

तुमची
साक्षी

—

नागपूर
४ सप्टेंबर २०२५

देवीदास,

साक्षीला विचारून हे लिहिते आहे. मुलीचा पाय मुरगळला होता. तुझी लोकशाही चालू होती तेव्हा सरला गाडीतून पट्टी आणून तो बांधत होती. तू ज्याला अपमान समजलास ती मलमपट्टी होती. आता यावर पुन्हा डोकं लावून नवा अर्थ काढत बसू नको. अर्थ एकच आहे.

पुढचं ऐक. अश्विन पौर्णिमेला सरला, यशदीप आणि साक्षी पुन्हा सिरपूरला जाणार आहेत. त्याच विहारात. ही साक्षीची इच्छा. कांता बरोबर जाईल. तुला यायचं असेल तर तोंड बंद ठेवायचं. ‘फक्त एक मुद्दा’ नाही, ‘संदर्भासाठी सांगतो’ नाही, खाकरणंसुद्धा नाही. तुझं खाकरणं म्हणजे प्रस्तावना असते.

आणि साक्षी म्हणते, पवारणा तू इतकी वर्षं लोकांना सांगतोस, एकदा करून दाखव.

वनमाला

—

शंकर नगर, रायपूर
१५ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो, तरी राग जात नाही. मला गप्प राहायला सांगता? मला? ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या तोंड उघडायची सोय नव्हती, त्या घरात पहिल्यांदा आवाज आला तो फुकट आला का? आपले बाबा कचेरीत साहेबासमोर उभे राहायचे तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. तू पाहिलं आहेस. मी सातवीत असताना ठरवलं होतं की माझ्या घरातलं कुणी कधी असं मुकं उभं राहणार नाही. म्हणून बोललो. आयुष्यभर बोललो. रेल्वेच्या युनियनमध्ये बोललो, बदल्या झाल्या तरी बोललो. आणि आज माझीच लेक म्हणते मी तिला ताटलीत ठेवलं! होय, तिने मला ते वाक्य तोंडावर ऐकवलं. परवा जेवताना. वाक्य चांगलं आहे, हे मला मान्य करावंच लागलं. मी तसं म्हटलं, तर ती ताट उचलून आत निघून गेली. कौतुक केलं तरी राग!

कांताला विचारलं, तू तरी सांग, मी काय चूक केली. ती म्हणाली, “मले काहून विचारून राहिले? उत्तर तुमच्यापाशीच असते.”

पायाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. महिनाभर ती जिना हळू उतरत होती. मला वाटलं चप्पल नवी आहे.

मी येणार नाही. बंदी घातलेल्या सभेला मी जात नसतो.

देवीदास

—

नागपूर
२४ सप्टेंबर २०२५

देवीदास,

दीक्षाभूमीच्या गर्दीचे दिवस आले, घरी तुमसरहून आणि गोंदियाहून मिळून अर्धं गाव उतरलं आहे, चुलीपासून उठायला सवड नाही. म्हणून थोडक्यात.

येऊ नको. तसंही तुझ्यावाचून गाडीत एक जागा मोकळी होईल. कांता म्हणते तिथे डबे ठेवता येतील.

आपल्या बाबांना तोंड उघडू दिलं नाही ते साहेबाने. साक्षीला कुणी दिलं नाही, ते तू बस आणि शोध.

वनमाला

—

शंकर नगर, रायपूर
९ ऑक्टोबर २०२५

ताई,

गेलो होतो. डबे मांडीवर घेऊन बसलो.

तुझं शेवटचं वाक्य वाचून मी तुला आठ पानांचं उत्तर लिहिलं होतं. सातव्या पानावर लक्षात आलं की साक्षीचा उल्लेख अजून आलेलाच नाही. ते टाकून दिलं. सकाळी गाडीत जाऊन बसलो, कुणी काही विचारलं नाही. कांताने फक्त पदराला बांधलेली आवळा सुपारी काढून हातावर ठेवली. आरंग मागे पडलं तरी ती तोंडातच होती. रस्त्यात महानदीच्या पुलावर मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. नाही सांगितल्या. सुपारी चावली.

विहारात ऊन होतं. शेवाळ वाळलं होतं. सरलाबाईंनी सगळ्यांना सावलीत बसवलं आणि सरळ विचारलं, “साक्षी, तुझं काय म्हणणं आहे?” आणि ताई, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सरलाबाईंनी, यशदीपने, कांतानेही. सवयीने. मी वर खांबाकडे बघत बसलो. त्या खांबावरचं कोरीवकाम इतकं बारकाईने मी आजवर पाहिलं नव्हतं.

मग ती बोलली. निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत. जगदलपूरच्या सरकारी दवाखान्यात तिची निवड झाली आहे. जुलैपासून तिच्याकडे पत्र आहे. नोव्हेंबरात जाणार. बस्तरमध्ये पाय गमावलेल्या, पक्षाघात झालेल्या माणसांना चालवायला कुणी नाही, तिला तेच काम करायचं आहे. यशदीप तिला आवडला आहे, पण लग्न निदान एक वर्षाने, आणि ती नोकरी सोडून भिलाईला येणार नाही. “चलेगा तो बोलो, नहीं तो भी बोलो. बुरा नहीं मानूंगी.”

जुलैपासून! माझ्या तोंडात तेव्हाच्या तेव्हा किती वाक्यं उभी राहिली असतील याची कल्पना कर. मी तिला एवढंच विचारलं की मला का नाही सांगितलंस. हे विचारणं नियमात बसतं का म्हणून आधी कांताकडे बघितलं. साक्षी म्हणाली, “बाबा, तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळी समाजभवनात माझा सत्कार ठेवला असता. मग मला जावंच लागलं असतं. मला आधी माझं ठरवायचं होतं.”

ठेवला असता. हार कुणाकडून आणायचे तेही मला ठाऊक आहे.

यशदीप म्हणाला, “मुझे बस्तर वैसे भी देखना था.” तो एवढंच बोलला. मला तो मुलगा अजून नीट कळलेला नाही, पण त्याचा निकाल लावायची घाई मी करणार नाही. सरलाबाई म्हणाल्या, “बस, एवढंच ऐकायचं होतं,” आणि त्यांनी डबे उघडायला घेतले. म्हणजे विषय माझ्याकडे न येताच संपत होता.

तेव्हा मी सुपारी थुंकली.

“भाऊ,” सरलाबाई सावध झाल्या. कांताने डोळे मिटले. मी बोललो नाही. सभामंडपाच्या मधोमध गेलो, जिथे उभा राहून मागच्या वेळी बोलत होतो, तिथेच उकिडवा बसलो. या गुडघ्यांनी उकिडवं बसणं काय असतं ते त्या भिक्खूंनी कुठेच लिहून ठेवलेलं नाही. हात जोडले आणि माझ्या लेकीला म्हटलं, माझा जो दोष तू पाहिलास, ऐकलास, ज्याची शंका आली, तो सांग.

“बाबा, उठो ना. लोग देख रहे हैं.”

मी उठलो नाही. खरं म्हणजे उठताही येत नव्हतं.

मग ती समोर येऊन मांडी घालून बसली. आधी जरा अडखळत, मग मोकळं. काय काय सांगितलं ते तुला लिहीत नाही, तो माझा आणि तिचा हिशोब आहे. पण ताई, बरंच लांबलं. मध्ये दोनदा मला उत्तरं सुचली. चांगली होती, टाळ्या पडल्या असत्या. गिळली.

इतक्यात तो चौकीदार शिटी तोंडात धरून आला. मला ओळखलं त्याने. “फेर भासन होवत हे का?” कांता म्हणाली, “हव, होवत हे. फेर बबा के नइ, नोनी के.” म्हणजे म्हाताऱ्याचं नाही, पोरीचं. त्याने साक्षीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शिटी खिशात घातली आणि खांबाला टेकून ऐकत उभा राहिला. मला बंदी, आणि तिला श्रोता! असो.

मला उठवायला यशदीप आणि चौकीदार दोघं लागले.

आज सकाळी जिना उतरत होतो. साक्षी खालून म्हणाली, “बाबा, गुडघे दुखतायत का?” मी तोंड उघडायच्या आत कांता आतून ओरडली, “काही नाही दुखत त्यांले, नाटक करून राहिले!”

मी कठड्याला धरून तिथेच थांबलो. म्हटलं, “तिनं मले विचारलं.”

मग साक्षीला सांगितलं. दुखतायत.

देवीदास